मोकळ्या हवेचे आग्रही गांधीजी

पुणे-नगर रस्त्यालगत येरवड्यात उभा असलेला आगाखान पॅलेस म्हटला, की 'चले जाव' आंदोलनातील स्थानबद्धता आणि महादेवभाई देसाई व कस्तुरबा यांच्या समाध्या आठवतात. याच वास्तूत महात्मा गांधी यांनी २८ ऑगस्ट ते १८ डिसेंबर १९४२ या काळात 'आरोग्यनी चावी' हे छोटे गुजराती पुस्तक लिहून पूर्ण केले, याची मात्र फारशी आठवण ठेवली जात नाही. शरीररचनेची ओळख करून दिल्यानंतर या पुस्तकात पाणी आणि अन्न यांच्याही आधी हवेचा विचार येतो. घर हवेशीर कसे राहील, हा प्रश्न गांधीजींनी अर्धशतक मनाशी बाळगला होता. त्याचे उत्तर त्यांना ग्रंथांपेक्षा साथीच्या रोगांनी ग्रासलेल्या वस्त्यांत, आश्रमांत आणि तुरुंगांत मिळत गेले.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे जन्मलेले मोहनदास गांधी इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतले आणि १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेले. १८९६ मध्ये ते काही काळ मायदेशी आले असता मुंबईत प्लेगने थैमान घातले होते. राजकोटमध्ये खबरदारीसाठी नेमलेल्या समितीतर्फे त्यांनी घरोघरीचे शौचकूप तपासले. त्या वेळी गरिबांनी सुधारणेला संमती दिली, तर काही प्रतिष्ठितांनी तपासणीच नाकारली. मोठ्या घरांतील शौचकूपही अंधारे आणि दुर्गंधीयुक्त असल्याचे त्यांना आढळले. वाडा मोठा असला म्हणजे तो आरोग्यदायी असतोच असे नाही, हा धडा त्यांना ऐन तारुण्यात मिळाला.

१९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत फुफ्फुसाच्या प्लेगची लागण झाली. सोन्याच्या खाणीत काम करणारे २३ मजूर आजारी अवस्थेत वस्तीत परतले होते. गांधीजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रिकाम्या घराचे कुलूप तोडून रुग्णांची शुश्रूषा सुरू केली. पुढे नगरपालिकेने दिलेले गोदाम त्यांनी स्वतः झाडून स्वच्छ केले. बहुतेक रुग्ण दगावले. त्यानंतर ती दाटीवाटीची वस्ती रिकामी करण्यात आली आणि रहिवाशांना क्लिपस्प्रुट येथील माळावर तंबूंत हलविण्यात आले. सुमारे तीन आठवड्यांच्या मोकळ्या वास्तव्याने लोकांची प्रकृती सुधारल्याचे गांधीजींच्या लक्षात आले. वस्ती जाळून टाकण्यात आली, पण हा अनुभव त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला.

१९१० मध्ये वास्तुविशारद हर्मन कॅलनबाख यांनी दिलेल्या सुमारे ११०० एकर जमिनीवर टॉलस्टॉय फार्म उभे राहिले. लाकूड आणि पत्र्याच्या साध्या घरांतील या वसाहतीत गांधीजी मुलांसह उघड्या व्हरांड्यात झोपत असत. उघड्यावर झोपण्याचा हा परिपाठ त्यांनी पुढे भारतातही सोडला नाही.

मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर त्यांना येरवडा कारागृहात आणण्यात आले. जानेवारी १९२४ मध्ये ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांची सुटका झाली. १९३० आणि १९३२ मध्ये ते पुन्हा याच तुरुंगात आले. या तुरुंगाला ते मंदिर म्हणत. सप्टेंबर १९३२ मधील ऐतिहासिक उपोषणाच्या काळात त्यांची खाट कारागृहाच्या आवारातील आंब्याच्या झाडाखाली होती. भिंतींनी वेढलेल्या जागेतही आकाश आणि वारा यांच्याशी असलेला संबंध त्यांनी तुटू दिला नाही.

या विचारांची खरी कसोटी लागली ती विदर्भात. वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, ते १९३६ च्या उन्हाळ्यात राहावयास गेले. तेथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तरीही घर अल्प खर्चात आणि परिसरात मिळणाऱ्या साहित्यातूनच उभारले जावे, असा त्यांचा आग्रह होता. बांबू, माती, लाकूड आणि कवेलू यांपासून तेथील कुट्या तयार झाल्या. मातीच्या भिंती सावकाश तापतात, त्यामुळे दुपारचा उष्मा आत पोहोचण्यास विलंब लागतो. कवेलूंच्या फटींमधून वर चढलेली तप्त हवा बाहेर पडते आणि पुढे आलेल्या पडवीमुळे भिंतींवर थेट ऊन पडत नाही. विजेच्या यंत्राविना घर सुसह्य ठेवण्याची ही युक्ती विदर्भातील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. गांधीजींनी तिला प्रतिष्ठा दिली. घरातील धुराकडेही त्यांच्या सहकाऱ्यांचे लक्ष होते. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तयार केला. धूर घराबाहेर नेणाऱ्या मगन चुलीचे नावही याच परंपरेशी जोडलेले आहे.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झाल्यावर गांधीजींना आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी १८९२ मध्ये बांधलेली ही इमारत प्रशस्त दालनांची आहे. तिच्याभोवती सुमारे अडीच मीटर रुंदीचा व्हरांडा फिरतो. ऊन अडविणारी आणि वारा आत घेणारी ही रचना सेवाग्रामच्या पडवीचेच श्रीमंत रूप म्हणता येईल. अवघ्या सहा दिवसांत, १५ ऑगस्टला, महादेवभाईंचे येथे निधन झाले. त्या दुःखातच तेरा दिवसांनी गांधीजींनी आरोग्यावरील लेखन हाती घेतले. श्वास नाकानेच घ्यावा, शक्यतो उघड्यावर झोपावे, थंडी वाजल्यास खिडक्या बंद न करता पांघरूण वाढवावे, परंतु नाकावर ते ओढू नये, अशा साध्या सूचना त्यांनी त्यात केल्या.

मात्र, मोकळी हवा प्रत्येक व्याधीवर पुरेशी ठरत नाही, याचा कठोर प्रत्यय त्यांना याच वास्तूत आला. कस्तुरबांना श्वासनलिकेचा जुना दाह होता. त्यात हृदय दुर्बल झाले. अखेरच्या काळात त्यांना आडवे पडून श्वास घेणे अशक्य झाल्याने खाटेवर ठेवलेल्या छोट्या मेजावर डोके टेकून त्या बसत. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. पाठोपाठ एप्रिलमध्ये गांधीजींना हिवतापाने गाठले आणि ६ मे रोजी त्यांची मुक्तता झाली. वाऱ्यासाठी उघडलेल्या खिडकीतून डासही येतात, हे वास्तव हवेशीर महालालाही टाळता आले नाही. पुढे मार्च १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळील उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे काम सुरू केले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली.

आज येरवड्यात बहुमजली इमारती दाटल्या आहेत. बंद खोलीतील भिंतीवरचे वातानुकूलन यंत्र बहुधा आतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवते, ताजी हवा आणत नाही. रस्त्यावरील वाहनांचा धूर पाहता खिडकी सदैव उघडी ठेवणेही परवडणारे नाही. म्हणून वर्दळ कमी असताना समोरासमोरच्या खिडक्या उघडणे, त्यांना डासांची जाळी लावणे, पश्चिमेच्या भिंतीवर सावली करणे आणि स्वयंपाकाचा धूर बाहेर काढणे, हे उपाय आजही प्रत्येक घराच्या आवाक्यातील आहेत. नजरकैदेतील कैद्याने सामान्य माणसासाठी लिहिलेले ते छोटे पुस्तक म्हणूनच ऐंशी वर्षांनंतरही चाळण्याजोगे आहे.