अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

बी. ए. भाग २

'अंगणवाडी' हा शब्द आज इतका घरोघरी झाला आहे की, तो कुणी एका व्यक्तीच्या ध्यासातून जन्मला असेल असे आपल्या मनातही येत नाही. नदीला नाव कुणी दिले हे जसे कुणी विचारत नाही, तसेच हे. पण या शब्दामागे एका बाईचे आख्खे आयुष्य उभे आहे. त्या बाईचे नाव ताराबाई मोडक. मोठमोठ्या सेनानींची आणि पुढाऱ्यांची चरित्रे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो. तीन-चार वर्षांच्या शेंबड्या पोरांना हात धुवायला, नखे कापायला आणि ताठ चालायला गाण्यातून शिकवणाऱ्या या स्त्रीचे चरित्र मात्र फारसे कुणी सांगत नाही. म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत केसकर घराण्यात झाला. घरात प्रार्थना समाजाचे सुधारकी वातावरण होते. ज्या काळात मुलीने चार बुके वाचली तरी घराला दोष लागतो असे मानले जाई, त्या काळात, 1914 साली, त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि मुंबईची ही पदवीधर मुलगी आमच्या वऱ्हाडात आली. संसार मात्र सुखाचा झाला नाही. 1921 साली पतिपत्नी कायमची विभक्त झाली. आज शंभर वर्षांनंतरही नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात हे आपण जाणतो. मग त्या काळी काय झाले असेल? परंतु ताराबाई खचल्या नाहीत. राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. मानाची जागा, चांगला पगार, राहायला घर असे सारे त्यांना मिळाले होते. हे सारे त्यांनी 1923 च्या सुमारास सोडून दिले आणि त्या भावनगरला गेल्या.

भावनगरला असे काय होते? तिथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. पण मुलांच्या प्रेमापोटी त्यांनी वकिली सोडली. लोक कौतुकाने त्यांना मिशांची आई म्हणत. इटलीतील डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढून एक मोठा सिद्धान्त मांडला होता. मूल हे मडके नव्हे की त्यात ज्ञान ओतावे. ते आपल्या हातापायांनी, डोळ्याकानांनी स्वतःच शिकत असते, असा तो सिद्धान्त. गिजुभाईंनी त्याला गोष्टी, लोकगीते, गरबा आणि नाट्यप्रयोग यांची जोड दिली. ताराबाई इथे तयार झाल्या. 1926 साली या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे 1936 साली ताराबाईंनी मुंबईला दादरमध्ये शिशुविहार सुरू केले.

मॉन्टेसरी पद्धतीत जमिनीवर एक रेघ आखतात आणि मुले संगीताच्या तालावर त्या रेघेवरून तोल सांभाळत चालतात. वरवर पाहता हा खेळ आहे. पण त्यात पाठीचा कणा ताठ होतो, पाय एका लयीत पडतात, मनाला थांबायची सवय लागते. हात धुणे, पाणी न सांडता ओतणे, बटणे लावणे हेही तिथे अभ्यासाचेच विषय असतात. लहान मुलाला हुकूम कळत नाही, ताल कळतो. 'स्वच्छ राहा' म्हटले तर ते आपल्या तोंडाकडे पाहत बसते. तेच अभिनयगीत म्हणत आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग नखे असा क्रम हाताने करून दाखवला, की तो क्रम शरीरातच मुरतो. गाण्याचा आणखी एक गुण म्हणजे त्यात कुणाला रागावावे लागत नाही. मळक्या मुलाला चारचौघांत उभे करून लाजवले तर ते दुसऱ्या दिवशी येतच नाही. सगळ्यांबरोबर गाताना मात्र मळके काय आणि धुतलेले काय, सारे हात एकदमच वर होतात.

परंतु ताराबाईंच्या मनाला एक प्रश्न टोचत होता. शिशुविहारात येणारी मुले सुखवस्तू घरांतली. त्यांच्या घरी नळ होता, साबण होता, न्हाऊ घालायला आई होती. ज्यांना या शिक्षणाची खरी गरज, त्यांच्यापर्यंत ते पोहोचतच नव्हते. शिवाय मॉन्टेसरीचे साहित्य महाग. खेड्यातल्या शाळेने ते आणायचे कोठून? म्हणून 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी या गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्याबरोबर होत्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. तरीही त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पन्नाशी ओलांडल्यावर, 1961 साली, बी. ए. झाल्या!

1945 हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच वर्षी त्याच डहाणू-उंबरगाव भागात वारली लोकांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. जिथे माणसे पिढ्यान् पिढ्या सावकाराच्या आणि जमीनदाराच्या दारी राबत होती, तिथे लेकरांची नखे कोण पाहणार? बालवाडी उघडली म्हणून मुले येतील ही आशा फोल ठरली. मग ताराबाईंनी एक साधा पण क्रांतिकारक निर्णय घेतला. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांकडे जाईल! शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीवर जात, कुणाच्या तरी अंगणात बसत. आधी मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे काढायची आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साहित्याच्या जागी शिंपले, चिंचोके, खडे, पाने, बिया आल्या. हीच अंगणवाडी.

पुढे 1957 साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांमध्ये गेले. तिथे कळले की मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटे भावंड आहे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हटले. मुलगे गुरांमागे जातात, म्हणून कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. मूल का येत नाही याचा दोष मुलाला न देता अडचणीचे मूळ शोधायचे, ही ताराबाईंची खरी शिकवण. 1962 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. कोसबाडचे काम अनुताईंनी 1992 साली मृत्यू येईपर्यंत चालू ठेवले.

हे चरित्र लिहायला मला एक कारण आहे. नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरची आमची वाडी म्हणजे ट्रक आणि गोदामांचे गाव. माझी आई अंगणवाडीत मदतनीस आहे. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण तिला पंचवीस-तीस अभिनयगीते तोंडपाठ आहेत. खिचडी वाढण्यापूर्वी ती मुलांना रांगेत उभे करून हात धुण्याचे गाणे म्हणते. 2020 साली करोनाच्या दिवसांत वीस सेकंद हात चोळा असे साऱ्या जगाला सांगितले जात होते, तेव्हा आईला हसू आले. कारण तिचे गाणे तेवढेच चालते. पण उन्हाळ्यात पिंप कोरडे पडले की ती ते गाणे म्हणत नाही. मी विचारले तर म्हणाली, पाणी नसताना हात चोळायला लावले तर पोरांना वाटेल हा नुसता नाच आहे.

आईने ताराबाईंचे नाव कधी ऐकलेले नाही. मीच तिला वाचून दाखवले. पण ताराबाईंनी बोर्डीच्या अंगणात जे ओळखले, तेच आईने पिंपाशेजारी उभे राहून ओळखले आहे. गाणे सवय लावते, पण ती टिकवायला पाणी लागते, भाकर लागते, औषध लागते. खरूज गाण्याने जात नाही. त्यासाठी साऱ्या घराला औषध लावावे लागते, कपडे-पांघरुणे धुवावी लागतात. गाणे मुलाला शिकवता येते, पाण्याची सोय मात्र मोठ्यांनीच करावी लागते. ताराबाईंनी नुसती गाणी दिली नाहीत. आधी बादलीभर पाणी आणून लेकराला न्हाऊ घातले आणि मग गायला बसल्या. त्यांच्या कार्याचे मोठेपण मला या क्रमात दिसते.

पदवी मिळाल्यावर काय करणार, असे आम्हा मुलींना सारखे विचारले जाते. एका बी. ए. झालेल्या स्त्रीने शंभर वर्षांपूर्वी मानाची खुर्ची सोडून अंगणातल्या मातीवर बैठक मांडली आणि त्यातून देशभर पोहोचलेली एक व्यवस्था उभी राहिली. पदवीचा असाही उपयोग होतो, एवढे जरी आपण ध्यानात घेतले तरी त्या थोर बालसेविकेला वाहिलेली ती खरी आदरांजली ठरेल.