सुगरणीच्या घरट्यापासून भरतपूरपर्यंत

भारतात पक्षीनिरीक्षणाचा छंद सामान्य माणसापर्यंत पोहोचविण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. सलीम अली यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणीच आई-वडिलांचे छत्र हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला.

लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणती, याची चौकशी करण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती ओळखली आणि संस्थेचा पक्षीसंग्रह त्यांना दाखविला. शिकारीची ओढ असलेल्या या मुलाच्या मनात तेथे अभ्यासाचे बीज रुजले.

१९२६ मध्ये ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याते झाले. पुढे बर्लिन येथे एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे प्रशिक्षण घेऊन १९३० मध्ये ते परतले, तेव्हा निधीअभावी ते पदच रद्द झाले होते. विद्यापीठाची पदवी नसल्याने अन्य वाटाही अरुंद होत्या. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळील किहीम येथे राहावयास गेले.

तेथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्यांनी तासन् तास बसून प्रत्येक घरट्याची नोंद ठेवली. नर घरटे अर्धवट विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग नर ते पूर्ण करतो आणि दुसर्‍या घरट्यास व दुसर्‍या मादीच्या शोधास लागतो, हे त्यांनी सिद्ध केले. मराठीत स्त्रीलिंगी नाव मिळालेल्या या पक्ष्याचा खरा विणकर नर आहे. बेकारीच्या काळातील या निरीक्षणाने त्यांना शास्त्रज्ञ म्हणून मान्यता मिळवून दिली.

त्यानंतर त्यांनी अनेक संस्थानांत पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सचित्र पुस्तकामुळे असंख्य वाचकांना आपल्या परिसरातील पक्षी ओळखता येऊ लागले. डिलन रिप्ले यांच्यासमवेत लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला.

भरतपूरची पाणथळ जागा पूर्वी संस्थानिकांचे शिकारीचे ठिकाण होती. स्वातंत्र्यानंतर ती शेतीसाठी कोरडी करण्याची मागणी पुढे आली, तेव्हा ती वाचविण्यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. १९८५ मध्ये या उद्यानाचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. त्याच वर्षी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली.

१९७६ मध्ये पद्मविभूषणने गौरविलेल्या या पक्षीशास्त्रज्ञाचे १९८७ मध्ये निधन झाले. पक्ष्यांची नेमकी नोंद असेल तरच त्यांच्या अधिवासाची बाजू ठामपणे मांडता येते, हा त्यांच्या कार्याचा वारसा आजही देशभरातील हौशी निरीक्षक पुढे नेत आहेत.