बेन होगन : सरावातून घडलेला खेळाडू



गोल्फ हा आपल्या मुलांच्या रोजच्या ओळखीचा खेळ नाही. म्हणून आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. मोठ्या हिरव्या मैदानावर १८ होल म्हणजे छोटे खड्डे असतात. काठीने चेंडू मारत मारत तो एकेका होलमध्ये घालायचा. ज्याला सर्वांत कमी फटके लागतील, तो जिंकला. एवढं कळलं की बेन होगनची गोष्ट कोणत्याही वर्गाला सांगता येते.

बालपण

बेनचा जन्म १३ ऑगस्ट १९१२ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात झाला. वडील चेस्टर लोहार होते. बेन नऊ वर्षांचा असताना, १९२२ मध्ये, वडिलांनी स्वतःचं जीवन संपवलं. तिन्ही मुलांची जबाबदारी आईवर आली. फोर्ट वर्थ शहरात बेन वर्तमानपत्रं विकायचा. अकराव्या वर्षी तो ग्लेन गार्डन या क्लबमध्ये कॅडी झाला. कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहून नेणारा मुलगा. दुसऱ्यांचं ओझं वाहता वाहता त्याने खेळ पाहिला आणि उचलला. त्याच क्लबात त्याच्याच वयाचा आणखी एक कॅडी होता, बायरन नेल्सन. पुढे दोघंही जगप्रसिद्ध झाले. पण १९२७ च्या नाताळात झालेल्या कॅडींच्या स्पर्धेत बेन बायरनकडून एका फटक्याने हरला होता.

दहा वर्षांची वाट

१९३० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, बेन व्यावसायिक खेळाडू झाला. आणि यश? काहीच नाही! त्याचा चेंडू जोरात जायचा, पण ऐनवेळी डावीकडे वळून भरकटायचा. पैसे संपले की घरी परत यायचं, मिळेल ते काम करायचं, चार पैसे साठले की पुन्हा स्पर्धेला निघायचं. १९३५ मध्ये व्हॅलेरीशी लग्न झालं, तरी ओढाताण चालूच होती.

या काळात हेन्री पिकार्ड या नामवंत खेळाडूने त्याला धीर दिला. खेळ सोडू नकोस, पैसे कमी पडले तर मी आहे, असा शब्दच दिला. बेनने ते पैसे कधी घेतले नाहीत. पण पाठीशी कोणी आहे एवढंच त्याला पुरलं. पुढे १९४८ मध्ये लिहिलेलं 'पॉवर गोल्फ' हे पुस्तक त्याने पिकार्डलाच अर्पण केलं.

तो तासन्‌तास सराव करी. नुसते चेंडू मारत नसे, तर काठी कशी धरली, मनगट कसं वळलं, चेंडू कुठे गेला, हे तपासून बदल करी. अखेर १९४० मध्ये त्याने एकट्याच्या बळावर पहिली स्पर्धा जिंकली आणि लगोलग आणखी दोन. १९४० ते १९४२ अशी सलग तीन वर्षं बक्षिसाच्या कमाईत तो पहिला होता. मग महायुद्धामुळे सैन्यात सेवा झाली. परत आल्यावर १९४८ मध्ये त्याने यू. एस. ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली.

अपघात

२ फेब्रुवारी १९४९. टेक्सासमध्ये दाट धुकं होतं. बेन आणि व्हॅलेरी मोटारीने घरी निघाले होते. समोरून ट्रकला ओलांडणारी बस थेट त्यांच्या अंगावर आली. बेनने पत्नीला वाचवण्यासाठी तिच्यावर झेप घेतली. व्हॅलेरीला किरकोळ लागलं. स्टिअरिंगचा दांडा बेनच्या रिकाम्या सीटमध्ये घुसला होता, म्हणजे त्या झेपेने त्याचाही जीव वाचला. पण ओटीपोटाचं हाड, खांद्याचं हाड, घोटा आणि बरगडी मोडली. पुढे रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्या, तेव्हा पोटातली मुख्य शीर बांधावी लागली. पायांचा रक्तपुरवठा कायमचा मंदावला. पुन्हा नीट चालता येईल का, हाच प्रश्न होता.

मेरियनचं मैदान

जून १९५०. अपघाताला सोळा महिने झाले होते. मेरियन येथे यू. एस. ओपन होती. त्या काळी शेवटच्या दिवशी ३६ होल, म्हणजे अख्खं मैदान दोनदा चालावं लागे. बेन पायांना पट्ट्या गुंडाळून उतरला. वेदनांमुळे शेवटी शेवटी फटके वाया गेले. अखेरच्या होलवर त्याने लांबून अचूक फटका मारला आणि बरोबरी साधली. त्या फटक्याचा फोटो आजही प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी तिघांमध्ये निर्णायक फेरी झाली. बेनला ६९, लॉईड मॅन्ग्रमला ७३ आणि जॉर्ज फाझिओला ७५ फटके लागले. बेन जिंकला!

१९५३ चं वर्ष

१९५३ मध्ये तो फक्त सहा स्पर्धा खेळला आणि पाच जिंकला. त्यांत मास्टर्स, यू. एस. ओपन आणि स्कॉटलंडमधील कार्नूस्टीची ओपन या तीन मोठ्या स्पर्धा होत्या. ब्रिटनमध्ये तेव्हा चेंडू थोडा लहान असे. म्हणून तो आधीच तिथे जाऊन सराव करत राहिला. चार फेऱ्यांत त्याचे फटके ७३, ७१, ७०, ६८ असे उतरत गेले. न्यूयॉर्कमध्ये त्याची भव्य मिरवणूक निघाली.

एकूण नऊ प्रमुख विजेतेपदं मिळवून २५ जुलै १९९७ रोजी बेन फोर्ट वर्थमध्येच वारला.

वर्गात सांगताना

ही गोष्ट सांगून आपण मुलांना 'बघा, मेहनत करा' एवढंच बजावलं, तर ती वाया जाईल. दहाच्या दहा वर्षं बेनने तीच चूक तशीच गिरवली असती तर? दहा वेळा शुद्धलेखन लिहायला लावताना हा प्रश्न आपणही स्वतःला विचारायला हवा. काय चुकतंय हे मुलाला कळलं तरच सराव उपयोगी पडतो.

आणि अजून एक. वडील गमावलेलं, घरासाठी राबणारं, फारसं न बोलणारं एखादं मूल आपल्या बाकांवरही बसलेलं असतं. त्याला पहिला नंबर मिळायला वेळ लागेल, कदाचित मिळणारही नाही. तोवर त्याचा पिकार्ड कोणाला तरी व्हावं लागतं. ते काम शिक्षकाचं आहे आणि पालकाचंही.