पक्ष्यांचे अभ्यासक डॉ. सालिम अली



विज्ञान म्हणजे प्रयोगशाळेच्या कपाटातील बाटल्या, असा आपला समज असतो. तो दूर व्हावा म्हणून मरहूम डॉ. सालिम अली साहेबांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहे.

त्यांचा जन्म मुंबईत १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना खेतवाडीतील घरी वाढविले. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा त्या वयातील छंद. एकदा हाती आलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही वेगळी चिमणी खाण्यास हलाल की नाही, असा प्रश्न मुलाला पडला. मामांनाही ती ओळखता येईना. पण त्यांनी मुलाला दटावले नाही. चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठविले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या सचिवांनी त्या शाळकरी मुलासाठी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडले. त्याचे आयुष्यच बदलले.

१९१३ मध्ये ते जेमतेम मॅट्रिक झाले. कॉलेजात गणिताची धास्ती घेतली व ब्रह्मदेशात धंद्याला गेले. परत येऊन प्राणिशास्त्र शिकले, पण पदवी नसल्याने सरकारी संशोधन खात्याचे दार बंद राहिले. पुढे जर्मनीत बर्लिन येथे प्रा. स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकून आले, तो मुंबईच्या संग्रहालयातील नोकरीही गेलेली.

तेव्हा ते अलिबागजवळ किहीम येथे राहिले व १९३० च्या पावसाळ्यात सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. आपल्या खान्देशच्या बहिणाबाईंनी ज्या खोप्याचे गुण गाइले, तोच हा खोपा. नाव सुगरण असले तरी खोपा विणतो नर. मादी अर्धवट खोपे पारखून पसंत करते, मग नर तो पुरा करतो व दुसरा विणायला घेतो. हे सारे नुसत्या डोळ्यांनी व नोंदवहीने कळले.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भरतपूरच्या पाणथळीत १९८२ मध्ये म्हशी चारण्यास बंदी आली. तिला डॉक्टरसाहेबांचाही पाठिंबा होता. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबारात माणसे गेली. पुढे त्यांच्याच संस्थेच्या अनेक वर्षांच्या अभ्यासात दिसले की म्हशी नसल्याने गवत माजले व पाणपक्ष्यांचेच नुकसान झाले. थोर माणसाचेही मत नोंदींनी तपासावे लागते, आणि गावाचे ज्ञान बाजूला सारून निसर्ग राखता येत नाही.

आपल्या पारोळ्याच्या शिवारातही पावसाळ्यात विहिरींवरच्या बाभळींना खोपे लटकतात. विद्यार्थ्यांनी मळेवाल्या चाचांना विचारून, विहिरीच्या काठापासून दूर उभे राहून, पहिला पाऊस कधी झाला, खोपे किती, पुरे किती, अर्धवट किती, हे तारखेसह लिहावे. दरसाल नोंदी जमल्या तर आपल्या तालुक्याचा पाऊस, झाडे व पाखरे यांचा खरा हिशेब आपल्याच शाळेत तयार होईल.

पालकहो, पदवी जरूर मिळवू द्या. तिच्यावाचून किती दारे बंद होतात, हे आपण पाहिलेच. पण मूल पाखराविषयी विचारू लागले, तर त्याला गप्प करू नका. उत्तर ठाऊक नसेल, तर ठाऊक असणाऱ्याकडे पाठवा. मामांनी एवढेच केले होते.