जिज्ञासू राजपुत्र दारा शुकोह

सम्राट शहाजहानचा ज्येष्ठ पुत्र दारा शुकोह याचा जन्म १६१५ मध्ये अजमेर येथे झाला. राजवैभवात वाढूनही त्याचे चित्त परमार्थाकडे ओढले गेले. लाहोरचे सत्पुरुष मियाँ मीर यांच्यावर त्याची नितांत श्रद्धा होती. पुढे त्यांचे शिष्य मुल्ला शाह यांना त्याने गुरू केले. कुराणातील एकेश्वरतत्त्वाचा उलगडा अन्य शास्त्रांतही शोधावा, या तळमळीने त्याने बाबा लाल या साधूशी दीर्घ संवाद केला, सूफी व हिंदू परिभाषेची तुलना करणारा ‘मजमा-उल-बहरैन’ हा ग्रंथ रचला आणि काशीच्या पंडित-संन्याशांच्या साह्याने ५० उपनिषदे फारसीत आणली. हे कार्य १६५७ मध्ये पूर्ण झाले.

त्याच वर्षी पिता आजारी पडला आणि राज्यासाठी बंधूंत कलह पेटला. १६५८ मध्ये सामूगढ येथे दाराचा पराभव झाला. १६५९ मध्ये धर्मद्रोहाचा ठपका ठेवून औरंगजेबाने त्याचा वध करविला. मुळाशी सिंहासनाची स्पर्धा होतीच, आणि दारानेही त्याची आशा सोडली नव्हती. जिज्ञासा कितीही उत्कट असली तरी वैराग्यावाचून ती अपुरी होय, हेच यावरून दिसते. तथापि ज्ञानार्थ केलेला श्रम वाया जात नाही. त्याच्याच फारसी ग्रंथावरून १८०१-०२ मध्ये लॅटिन भाषांतर निघाले व उपनिषदे युरोपच्या विचारवंतांपर्यंत पोहोचली.