रोमहून उशिरा निघालेलं पत्र

इग्नेशियस लोयोला म्हणजे तोफेचा गोळा पायावर लागलेला सैनिक, जो पुढे संत झाला. ३१ जुलैच्या मिस्सेला ऐकून ऐकून मला एवढंच ठाऊक होतं. यंदा आपल्या मंडळाची चिटणीस झाले, तीन व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळताना नाकी नऊ आले, आणि मग त्यांचं चरित्र मी वेगळ्या नजरेने वाचलं.

१५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत ते जखमी झाले. तिशी उलटल्यावर लहान पोरांबरोबर बसून लॅटिन शिकले. पुढे पॅरिसला शिकताना फ्रान्सिस झेवियर त्यांचे खोलीमित्र झाले. १५४० मध्ये पोपने येशूसंघाला मान्यता दिली तेव्हा सगळे मिळून दहा जण होते. १५५६ मध्ये इग्नेशियस वारले तेव्हा ब्राझीलपासून जपानपर्यंत जवळजवळ हजार.

हा पसारा त्यांनी रोममध्ये बसून सांभाळला, तो पत्रांवर. त्यांची सुमारे सात हजार पत्रं आज उपलब्ध आहेत. १५४७ पासून हुआन दे पोलान्को हे सचिव हाताशी होते. मुख्य पत्र चारचौघांना दाखवता येईल असं लिहायचं, तपासून पुन्हा उतरवायचं. खाजगी गोष्टी वेगळ्या कागदावर, अशी शिस्त होती. पण गोव्याला पत्र पोचायलाच कित्येक महिने लागत. म्हणून १५४९ मध्ये हिंदुस्थानचा स्वतंत्र प्रांत करून त्यांनी तो झेवियरवर सोपवला. संघाची सविस्तर नियमावली लिहिली, पण माणूस, जागा आणि वेळ बघून निर्णय घ्यायची मोकळीकही तिच्यात ठेवली.

तरी एक पत्र चुकलंच. जून १५५३ मध्ये त्यांनी झेवियरला युरोपात परत बोलावलं. झेवियर तर ३ डिसेंबर १५५२ लाच चीनजवळच्या शांगच्वान बेटावर वारले होते. बातमी रोमला पोचलीच नव्हती.

हे वाचून मी हातातलं काम थांबवलं. आदल्याच दिवशी एका मुलाला लेख का दिला नाहीस, म्हणून ग्रुपवर सगळ्यांदेखत झापलं होतं. त्याचे आजोबा हॉस्पिटलात होते, हे मला नंतर कळलं. सोळाव्या शतकात बातमी समुद्रात अडकायची. माझ्याकडे तर त्याचा फोन नंबर होता.

त्या संध्याकाळी मी त्याला फोन केला. लेखाचा विषय काढला नाही.