आपल्या पापाला माफीच नाही, असं जॉन बन्यनला का वाटायचं?

पश्चात्ताप केला की देव क्षमा करतो, असं ख्रिस्ती धर्म मानतो. अपवाद फक्त पवित्र आत्म्याच्या निंदेचा, म्हणजे देवाचं काम समोर दिसत असूनही ते सैतानाचं म्हणण्याचा.

१६२८ साली इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळ जन्मलेला बन्यन भांडी दुरुस्त करून पोट भरायचा. ख्रिस्ताला विकून टाक, हा विचार तरुणपणी त्याची पाठ सोडेना. एका सकाळी थकून तो मनात म्हणाला, जाऊ दे त्याला. झालं! तेच पाप आपल्या हातून घडलं, या भीतीत पुढचा मोठा काळ गेला. एका वृद्ध ख्रिस्ती माणसाला त्याने हे सांगितलं, तर त्यालाही तसंच वाटत होतं. (काय हा दिलासा!) खरं तर अनेक धर्मगुरू उलट सांगतात: ज्याला ही भीती वाटते, त्याने ते पाप केलेलंच नसतं.

आपली सुटका मनाच्या चढ-उतारांवर नाही, ख्रिस्तावर अवलंबून आहे, हे त्याला एकदा शेतातून जाताना उमगलं. पुढे प्रवचनं दिल्याबद्दल १२ वर्षं तुरुंगवास झाला. तिथे असतानाच १६६६ मध्ये त्याची आत्मकथा आली.

१६७८ च्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’मध्ये लोखंडी पिंजऱ्यातला एक माणूस भेटतो. आपल्याला क्षमा नाही, अशी त्याची खात्री आहे. बन्यनने त्याला बाहेर काढलेलं नाही.